उधारीची वही आणि संगणकाची कोठी : लहान धंद्याने डेटाबेस कसा निवडावा?



या खेपेस लागण, खोडवा, खत-पाणी हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून थोडा वेगळा विषय आपल्यापुढे मांडीत आहे. कारण असे की, आज आपल्यापैकी पुष्कळांचे घर नुसत्या उसावर चालत नाही. कोणाचे कृषी सेवा केंद्र आहे, कोणी तोडणी-वाहतुकीचा ठेका घेतो, कोणाची ऊस रोपवाटिका आहे, कोणाकडे दूध संकलन आहे. पुष्कळांची मुले शिकून शहरात दुकान टाकून बसली आहेत. या सर्वांना एक गोष्ट सारखीच लागते, ती म्हणजे नोंद. आणि हल्ली नोंद म्हटली की संगणक आला, संगणक आला की "कोणते सॉफ्टवेअर घेऊ?" हा प्रश्न आला. या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याआधी आपण स्वतः थोडे समजून घेतलेले बरे.

सदरची गोष्ट

आपल्या एका सभासदाच्या चिरंजीवाचे नागपुरात सदर भागात दुकान आहे. रेसिडेन्सी रोडच्या आतल्या बाजूस, मंगळवारी बाजाराकडे जाताना. पाण्याचे पंप, ठिबकचे सुटे भाग आणि मोटार दुरुस्ती असा धंदा. गिऱ्हाईक काटोल, सावनेर, कळमेश्वर, पारशिवनीकडचे शेतकरी. त्यामुळे उधारी आलीच. पीक निघाले की पैसे, हा जुना रिवाज.

त्याच्या नोंदी तीन ठिकाणी होत्या. काउंटरवर बिलबुक, आतल्या संगणकावर एक्सेलचा तक्ता, आणि दुरुस्तीला आलेल्या मोटारींची नोंद कामावरच्या मुलाच्या मोबाइलमध्ये. एके दिवशी सावनेरकडचे एक वयस्क शेतकरी नऊ हजार रुपये भरून गेले. पावती दिली, पण एक्सेलमध्ये ती रक्कम त्याच गावच्या, त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या नावे जमा झाली. दोन महिन्यांनी दुकानातून पहिल्याला उधारीचा फोन गेला. तोही चार माणसांत, लग्नाच्या मांडवात. ते गृहस्थ फोनवर एवढेच म्हणाले, "पावती माह्या खिशात आहे, पण आता तुमच्या दुकानात पाय ठेवणार नाही."

रक्कम नऊ हजारांची. पण गिऱ्हाईक वीस वर्षांचे, वडिलांच्या वेळचे. तेव्हा चूक आकड्याची दिसली तरी नुकसान शब्दाचे झाले.

त्यानंतर या मुलाने सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावले. एक म्हणाला मोठ्या कंपन्यांचा डेटाबेस घ्या, दुसरा म्हणाला सगळे इंटरनेटवर ठेवा, तिसरा म्हणाला फुकट मिळते ते घ्या. मुलगा गोंधळला आणि मला विचारू लागला, "काकाजी, तुम्ही कारखान्यात इतक्या नोंदी सांभाळता, मले सांगा, घेऊ तरी कोणतं?" त्याला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो.

डेटाबेस म्हणजे काय?

शब्द इंग्रजी असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. आपल्या उसाचीच वाट पाहा. सभासद रजिस्टरमध्ये आपले नाव, गाव, बँक खाते एकदाच लिहिलेले असते आणि त्याला एक सभासद क्रमांक असतो. ऊस नोंद रजिस्टरमध्ये गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख असते. पण तेथे आपले बँक खाते पुन्हा लिहीत नाहीत, फक्त सभासद क्रमांक लिहितात. वजन पावतीवर नोंद क्रमांक येतो. बिल काढताना या तिन्हींची सांगड क्रमांकावरून घातली जाते. बँक खाते बदलले तर ते एकाच जागी बदलायचे, म्हणजे पुढची सारी बिले आपोआप योग्य खात्यावर जातात. ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तक्ते असे क्रमांकाने बांधलेले नसते तर हजारो पावत्यांचा मेळ त्या मुदतीत बसलाच नसता.

एकमेकांशी क्रमांकाने जोडलेले असे तक्ते नीट सांभाळणारी व्यवस्था म्हणजे डेटाबेस. धान्याची कोठी असते तशी ही माहितीची कोठी. तक्त्यांची ही कल्पना एडगर कॉड या आय.बी.एम. कंपनीतील गणितज्ञाने १९७० साली एका लेखात मांडली. पुढे १९७४ साली त्याच कंपनीत या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार झाली. तिलाच आज एस.क्यू.एल. म्हणतात. पन्नास वर्षे उलटली, यंत्रे कितीतरी बदलली, पण पाया तोच राहिला आहे.

आता सदरच्या दुकानाचे पाहू. त्याला पाच तक्ते पुरतात : ग्राहक, माल, बिल, बिलातील ओळी आणि जमा रकमा. दुरुस्तीसाठी सहावा. प्रत्येक ग्राहकाला एक क्रमांक. सरकारी कागदात "सदर इसम" असे लिहितात, म्हणजे वर सांगितलेला तोच माणूस. डेटाबेसमध्ये क्रमांक हेच काम करतो. नाव सारखे असेल, गाव सारखे असेल, पण क्रमांक दोघांचा कधीच सारखा नसतो. सदरच्या दुकानात नेमका हा "सदर इसम" कोण, हेच ठरलेले नव्हते.

दुसरी गोष्ट. चांगल्या व्यवस्थेत "शिल्लक" लिहून ठेवीत नाहीत. ती बिले आणि जमा यांवरून दर वेळी काढतात. लिहून ठेवलेली शिल्लक चुकू शकते. मुळातून काढलेली शिल्लक कोठे चुकली हे मागे जाऊन शोधता येते.

वजनकाट्याचा नियम

डेटाबेसचा खरा गुण समजायला काट्यावर चला. भरलेल्या गाडीचे वजन झाले, गाडी गव्हाणीकडे गेली आणि तेवढ्यात वीज गेली. रिकाम्या गाडीचे वजन व्हायचे आहे. अशा वेळी निव्वळ वजनाची पावती निघते का? नाही. दोन्ही वजने झाली तरच व्यवहार पुरा, नाहीतर तो झालाच नाही असे धरायचे.

चांगला डेटाबेस हाच नियम पाळतो. बिल झाले आणि त्याच वेळी गोदामातला माल कमी झाला, तर दोन्ही नोंदी एकदम पक्क्या होतात. मध्येच वीज गेली तर दोन्ही रद्द होतात. बिल आहे पण माल कमी झाला नाही, असे अर्धवट काही उरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की ज्याच्या संगणकाला बॅटरी नाही त्याला या नियमाची किंमत लगेच कळते. एक्सेलच्या तक्त्याला हा नियम माहीत नाही. आपण शेवटचे जतन केले तेवढेच त्याचे.

आणखी एक गुण म्हणजे अनेकांनी एकाच वेळी लिहिणे. काउंटरवर दोघे बिल करीत आहेत आणि आत हिशेबनीस जमा लिहीत आहे, तरी एकाची नोंद दुसऱ्याने पुसली जात नाही. तिसरा गुण अधिकाराचा. काटा क्लार्कला उसाचा दर बदलता येत नाही, तसेच बिल करणाऱ्या मुलाला जुनी जमा खोडता येऊ नये. चुकले तर खोडायचे नाही. "रद्द" म्हणून दुसरी नोंद करायची, म्हणजे कोणी, केव्हा, काय केले याचा माग राहतो.

वहीने भागते तर वहीच बरी

एवढे वाचून कोणी उद्याच सॉफ्टवेअर विकत घेऊ नये. ज्याचे दिवसाला पाच-दहा व्यवहार आहेत, लिहिणारा एकच आहे आणि गिऱ्हाईक तोंडओळखीचे आहे, त्याची वही उत्तम आहे. तिला वीज लागत नाही, शिकवावे लागत नाही. फक्त पानांना नंबर घालावेत आणि दर महिन्याला मेळ घ्यावा.

वहीच्या पुढची पायरी एक्सेलसारखा तक्ता. बेरीज-वजाबाकी, दरपत्रक, लागवडीचा खर्च काढणे यासाठी याच्यासारखे साधन नाही. पण तक्ता म्हणजे कोठी नव्हे. २०२० साली इंग्लंडमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथील सार्वजनिक आरोग्य खाते कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत घेत होते. त्या जुन्या फायलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. ओळी संपल्या, पुढची माहिती गळून पडली आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातील १५,८४१ रुग्ण आकडेवारीत वेळेवर आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातील लोकांना सावध करण्यासही उशीर झाला. नव्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात हे खरे, पण मुद्दा ओळींचा नाही. पोते फाटले तरी आवाज झाला नाही, हा आहे.

तिसरी पायरी म्हणजे टॅलीसारखे हिशेबाचे तयार सॉफ्टवेअर. १९८६ साली बंगळूरहून सुरू झालेल्या या कंपनीचे नाव आज गावोगाव झाले आहे. ज्याला बिल, खाती, माल आणि जी.एस.टी. एवढेच हवे, त्याने तयार सॉफ्टवेअर घ्यावे. नवे करवून घेण्याच्या फंदात पडू नये. शंभर दुकानांनी वापरून चुका काढलेली वस्तू आपल्यासाठी एकट्याने बनवलेल्या वस्तूपेक्षा बहुधा भरवशाची असते.

चौथी पायरी, म्हणजे आपल्यासाठी वेगळी व्यवस्था, केव्हा? जेव्हा आपले काम तयार साच्यात बसत नाही. तोडणी-वाहतूक ठेकेदाराला टोळीची उचल, प्रत्येक खेपेचे वजन, अंतर, डिझेल आणि कमिशन यांचा मेळ लागतो. रोपवाटिकेला बेण्याची बॅच आणि देण्याची तारीख लागते. अशा ठिकाणी स्वतंत्र डेटाबेसचा विचार करावा.

वारणेचा धडा

आपल्या क्षेत्रातलेच मोठे उदाहरण वारणानगरचे आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ साली "वायर्ड व्हिलेज" प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रे काढली. बाजारभाव, शेतीसल्ला, आरोग्य, शिक्षण अशी पुष्कळ माहिती तेथून द्यावी असा हेतू होता.

पुढे अभ्यास करणाऱ्यांना दिसले की शेतकरी त्या केंद्रावर मुख्यतः एकाच कामासाठी येत : उसाची नोंद, तोडीची परवानगी, खताची उचल, वजन आणि पैसे. म्हणजे कारखान्याच्या डेटाबेसमधली स्वतःची ओळ पाहण्यासाठी. दरम्यान संगणक जुने झाले आणि त्यांच्या देखभालीचा खर्च वाढला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने "वारणा अनवायर्ड" हा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवला. संदेश पाठवायचा, की मुख्य संगणकातून उत्तर संदेशानेच परत येई. जे काम संगणकावर होई ते सारे मोबाइलवर झाले. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही तेच जास्त पसंत पडले. २००७ साली याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

यातून लहान धंदेवाल्याने दोन गोष्टी घ्याव्यात. एक, माणसांना नेमके काय पाहायचे असते ते आधी विचारा. दहा सोयी देऊन एकच वापरली जात असेल तर नऊंचे पैसे फुकट गेले. दोन, कोठी आणि खिडकी वेगळ्या ठेवा. खिडकी म्हणजे संगणक, मोबाइल किंवा छापील पावती. ती काळाप्रमाणे बदलत राहील. कोठीतली माहिती शुद्ध आणि आपल्या ताब्यात असेल तर खिडकी बदलणे सोपे जाते.

बाजारातली नावे

आता नावांकडे वळू. सगळी पाठ करण्याची गरज नाही. पण कोणी नाव घेतले तर ते काय आहे हे कळावे.

एस्क्यूलाइट : रिचर्ड हिप यांनी २००० साली केलेला हा लहानसा डेटाबेस पूर्ण मोफत आहे. एकाच फायलीत सारी कोठी असते. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही तो आहेच. एक संगणक, लिहिणारा एक, अशा धंद्याला तो भरपूर होतो. एकाच वेळी अनेक संगणकांवरून लिहायचे असेल तर तो योग्य नव्हे.

अॅक्सेस : मायक्रोसॉफ्टने १९९२ साली आणला. कोऱ्या पाटीवर स्वतः तक्ते आणि फॉर्म आखता येतात. फाइल २ गीगाबाइटपर्यंतच वाढू शकते आणि परवान्याचे पैसे पडतात. हौशी पण नीटनेटक्या माणसाला चालतो. असाच मोफत प्रकार लिब्रेऑफिसमध्ये "बेस" नावाने मिळतो.

मायएस्क्यूएल आणि मारियाडीबी : मायएस्क्यूएल १९९५ सालचा. तो २०१० साली ओरॅकल कंपनीकडे गेला. त्याच्या मूळ कर्त्यांपैकी काहींनी २००९ मध्ये मारियाडीबी वेगळा काढला. दोन्ही अनेक माणसांनी एकदम वापरण्याजोगे आहेत आणि मोफत मिळतात. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे खुल्या परवान्याचे धंद्याचे सॉफ्टवेअर मारियाडीबीवर चालते.

पोस्टग्रेस : १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे याची सुरुवात झाली. मोफत, काटेकोर आणि मोठ्या कामालाही पुरणारा. नव्याने काही करवून घेणार असाल तर याचा विचार जरूर करावा. मात्र तो बसवणारा आणि सांभाळणारा जाणकार जवळ हवा.

एस.क्यू.एल. सर्व्हर : मायक्रोसॉफ्टचा. याची "एक्सप्रेस" नावाची मोफत आवृत्ती असते, तिला आकाराची मर्यादा असते. मोठी आवृत्ती पैसे देऊन घ्यावी लागते. पुष्कळ तयार दुकानी सॉफ्टवेअरच्या आत हाच असतो.

आता एका जुन्या मित्राची आठवण काढली पाहिजे. फॉक्सप्रो. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांत एके काळी याचाच वापर होता. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्सची कंपनी विकत घेतली, २००४ साली शेवटची मोठी आवृत्ती काढली आणि २०१५ च्या जानेवारीत आधार देणेही थांबवले. प्रोग्रॅम चांगला होता, आजही कोठे कोठे चालतो. पण यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा सापडत नाही. सबब, विकत घेताना वस्तूचा गुण पाहावा तितकेच तिचे आयुष्यही पाहावे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लहान दुकानदार बहुधा डेटाबेस थेट निवडत नाही. तो वरचा प्रोग्रॅम निवडतो आणि डेटाबेस त्याच्या पोटात येतो. म्हणूनच पोटात काय आहे हे विचारणे आपले काम आहे.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

१. माझी सारी माहिती मला पाहिजे तेव्हा, साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येईल काय? "नाही" किंवा "आम्हीच काढून देऊ" असे उत्तर आले तर तेथेच थांबावे. ज्या गोदामाची किल्ली दुसऱ्याकडे, तो माल आपला कसा?

२. एकाच वेळी किती जण लिहू शकतील? आज दोन, पण हंगामात पाच लागले तर?

३. वर्षाचे भाडे की एकदाचे पैसे? भाडे थांबवले तर माहिती पाहता तरी येईल का?

४. माहिती दुकानात राहणार की इंटरनेटवर? इंटरनेटवर असेल तर लाइन बंद पडल्यावर बिल होईल का? दुकानात असेल तर संगणक चोरीला गेल्यावर काय?

५. बिघाड झाल्यास कोण येणार, किती वेळात? प्रोग्रॅम करणारा एकटा असेल आणि तो उद्या पुण्याला नोकरीस गेला तर?

६. कोणी नोंद बदलली याचा माग राहतो का?

७. जुन्या वर्षांचे कागद किती काळ राहतील? जी.एस.टी. कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात.

८. ग्राहकांचे मोबाइल क्रमांक कोणाकोणाला दिसतील? व्यक्तींच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. आणि कायदा नसता तरी गिऱ्हाइकाची उधारी चारचौघांत उघडी होणे बरे नव्हे.

९. नाव-गाव मराठीत लिहून मराठीत शोधता येते काय?

खर्च काढताना नुसती सॉफ्टवेअरची किंमत धरू नये. उसाचा खर्च काढताना आपण नुसते बेणे धरतो काय? संगणक, बॅटरी, शिकवणी, वार्षिक देखभाल, आणि जुन्या नोंदी भरण्याची मजुरी, असा पाच वर्षांचा एकत्र आकडा मांडावा. मोफत डेटाबेस म्हणजे फुकटची गाय. चारापाणी करावेच लागते.

मराठी अक्षराचा प्रश्न

नवव्या प्रश्नाविषयी दोन शब्द. पूर्वी मराठी टंकलेखनासाठी निरनिराळे फॉन्ट वापरीत. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरेच असत. फॉन्ट बदलला की सारे निरर्थक होई. आता युनिकोड हे सर्वमान्य आहे. त्यात "क" हा सर्व यंत्रांवर "क"च राहतो. तेव्हा नव्या डेटाबेसमध्ये जुन्या फॉन्टची माहिती तशीच ओतू नये. आधी युनिकोडमध्ये करून घ्यावी. गावांची नावे हाताने न लिहिता यादीतून निवडण्याची सोय करावी. एकाने "पारशिवनी", दुसऱ्याने "पारशीवनी", तिसऱ्याने "पारसिवनी" लिहिले की संगणकाच्या दृष्टीने ती तीन गावे होतात.

भरण्याआधी चावडी वाचन

महाराष्ट्र शासनाने सातबारा संगणकावर आणला तेव्हाची गोष्ट आठवा. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा लोकांसमोर वाचून दाखवला. नाव, क्षेत्र चुकले असेल तर हस्तलिखितावरून दुरुस्त करायचे. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आधी शुद्ध करणे आणि मग शिक्का मारणे, हा क्रम महत्त्वाचा.

लहान धंद्यानेही हेच करावे. जुन्या वहीतील प्रत्येक येणे-देणे त्या त्या माणसाला दाखवून, कबूल करून, मगच नव्या कोठीत घालावे. आणि निदान दोन महिने जुनी वही आणि नवी व्यवस्था बरोबर चालवावी. दर शनिवारी दोन्हींचा मेळ घ्यावा. मेळ बसला की वही मिटावी. हंगामाच्या ऐन गर्दीत बदल करू नये. बैल बदलायचा तर पेरणीआधी, तिफण चालू असताना नव्हे.

बेण्याचा ऊस राखून ठेवा

शहाणा शेतकरी सगळा ऊस गाळपाला पाठवीत नाही, बेण्यापुरता राखतो. तसा माहितीचा बेवड-बियाणे साठा म्हणजे बॅकअप. नियम सोपा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुकानाबाहेर. रोज संध्याकाळी प्रत आपोआप निघावी अशी सोय करावी, माणसाच्या आठवणीवर सोडू नये. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जे बेणे उगवते की नाही हे तपासले नाही, त्यावर पुढच्या सालचा फड अवलंबून ठेवता येत नाही.

सदरला शेवटी काय ठरले?

मुलाने आधी आठ दिवस फक्त कागदावर लिहून काढले : दुकानात कोण कोणत्या नोंदी करतो आणि संध्याकाळी स्वतःला कोणते प्रश्न पडतात. प्रश्न चारच निघाले. कोणाकडे किती येणे, कोणता माल संपत आला, कोणाची मोटार दुरुस्तीत किती दिवस पडली, आणि आज रोख किती जमली. त्याला मोठ्या कंपनीचा डेटाबेस नको होता. दोन काउंटर एकदम चालतील, माहिती बाहेर काढता येईल आणि दुरुस्तीची नोंद ठेवता येईल, असे बिलाचे तयार सॉफ्टवेअर त्याने घेतले. आत कोणता डेटाबेस आहे ते विचारून पावतीवर लिहून घेतले.

मग चावडी वाचन केले. उधारीच्या सव्वाचारशे खात्यांतून पावणेचारशे माणसे निघाली. उरलेली खाती दुहेरी होती. काही ठिकाणी दुकानाचे येणे कमी झाले, काही ठिकाणी वाढले. पण प्रत्येक आकड्याखाली आता गिऱ्हाइकाची सही आहे.

सावनेरकडच्या त्या गृहस्थांकडे तो स्वतः गेला. खात्याचा छापील उतारा समोर ठेवला, नऊ हजार कोठे गेले होते आणि आता कोठे आहेत ते दाखवले आणि मांडवातल्या फोनबद्दल माफी मागितली. त्यांनी उतारा चष्मा लावून ओळ न ओळ वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आतून चहा मागवला. माल घ्यायला ते अजून आलेले नाहीत. पण त्यांचा मुलगा गेल्या महिन्यात फूटव्हॉल्व्ह घेऊन गेला, आणि जाताना स्वतःचा खाते क्रमांक विचारून गेला.

बंधूंनो, संगणक आपले पैसे वाढवीत नाही आणि अब्रूही वाढवीत नाही. तो फक्त आपण जे नीट ठरवले ते न विसरता पाळतो. तेव्हा आधी काय नोंदायचे, कोणी नोंदायचे आणि चूक झाली तर कशी शोधायची हे ठरवावे. माती परीक्षणानंतर खत ठरवतात तसे सॉफ्टवेअर मग ठरवावे. आपल्या जोडधंद्याच्या नोंदीविषयी अडचण असल्यास एका कागदावर आपले रोजचे चार प्रश्न लिहून पाहावेत. निम्मे उत्तर त्या कागदातच सापडेल.